वारकऱ्याची पडशी

आज आषाढ शुद्ध एकादशी. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून व अष्टमीस आळंदीहून निघालेले पालखी सोहळे सुमारे २५० किलोमीटरांची वाट चालून पंढरीस पोहोचले आहेत. या पुण्यदिनी नामाचा व भक्तीचा महिमा सांगणारे पुष्कळ काही लिहिले जाईल, आणि ते योग्यच होय. आम्ही मात्र आज वाचकांचे लक्ष एका साध्या, घरगुती गोष्टीकडे वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे वारकऱ्याची पडशी.

पूर्वी ही पडशी घरात भरली जाई तेव्हा तिचा हिशेब ठरलेला असे. कपड्यांच्या बाबतीत ‘एक अंगावर, एक दांडीवर’ हे माप. जोडीला एक कांबळे, एक तांब्या, हरिपाठाची वही, बुक्का व गोपीचंदनाची पुडी आणि पहिल्या एकदोन मुक्कामांपुरत्या दशम्या. पावसासाठी इरले असे. पुढे त्याची जागा मेणकापडाने घेतली. गळ्यात टाळ, खांद्यावर पताका. जवळजवळ तीन आठवड्यांच्या प्रवासास एवढी सामग्री पुरे, हा निर्णय कोणा शास्त्रकाराने दिलेला नव्हता. तो खांद्याने दिलेला होता. जे खांद्यास पेलत नसे, ते घरी राहत असे.

पुढे दिंड्यांबरोबर मालमोटारी आल्या. त्यांना नावे ठेवण्याचे आमच्या मनात नाही. वृद्ध माणसे आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या मायबहिणी यांना वारी सुकर झाली, ती या मोटारींमुळेच. शिवाय सामाईक सरंजाम सोहळ्यास नवा नाही. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात आळंदीच्या सोहळ्यास आजचे स्वरूप दिले, तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व व तंबू त्यात आहेतच. परंतु मोटारीने एक गोष्ट नाहीशी केली, ती म्हणजे खांद्याचा नकार. मोटार कशासही नाही म्हणत नाही. मग पडशीची पिशवी झाली, पिशवीची बॅग झाली, आणि एकेका माणसामागे दोन दोन बोचकी दिसू लागली.

ही बोचकी कोणी तरी उचलतेच, हे आपण विसरतो. पहाटे ती मोटारीत रचणारे आणि संध्याकाळी उतरवणारे हात दिंडीतलेच असतात. आपण ज्या अरुंद रस्त्याने चालतो, त्याच रस्त्याने ती मोटार पुढच्या तळावर पोहोचवावी लागते. दिवे घाटात माउलींच्या रथास जादा बैलजोड्या जुंपतात, तेव्हा चढणीवर वजन म्हणजे काय ते लाखो डोळे पाहतात. स्वतःच्या बोचक्याचे वजन मात्र कोणास दिसत नाही. आणि उरलेसुरले कोठे राहते? वाल्हे, बरड, भंडीशेगाव यांसारखी गावे एका रात्रीपुरती आपल्याहून कितीतरी मोठा मेळा अंगणात सामावून घेतात. सकाळी मेळा पुढे जातो आणि पत्रावळ्या, बाटल्या व प्लास्टिकच्या पिशव्या मागे उरतात. आपले ओझे आपण त्या गावाच्या पाठीवर ठेवून आलो, असाच त्याचा अर्थ.

याच्या उलट टोकही आहे. काही उत्साही मंडळी रिकाम्या हाताने निघतात आणि पहिल्याच पावसात शेजाऱ्याचे कांबळे मागतात. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या घरी ठेवून निघणारा वृद्धही विरक्त नव्हे. त्याची काळजी दिंडीस वाहावी लागते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, वारीतील हलकेपणा आपल्या खांद्यावर किती आहे यावरून मोजू नये. आपल्यामुळे दुसऱ्याच्या खांद्यावर किती पडले, यावरून मोजावा. औषध, पांघरूण, पावसाचे कापड, स्वतःचे ताट व तांब्या यांत कसर नको. त्यापलीकडील प्रत्येक वस्तूस ‘तुला कोण वाहणार?’ असा प्रश्न विचारावा.

लांबच्या पायी यात्रा जगात इतरत्रही होतात. स्पेनमध्ये सान्तियागोच्या यात्रेस पायी जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूंमध्ये असा एक संकेत रूढ आहे की, पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक नसावे. साठ किलो वजनाच्या माणसास सहा किलो. दिंडीचालकांनी असेच एखादे माप ठरवून प्रत्येकी एकच बोचके घ्यावयाचे ठरविले, तर त्यात परंपरेस बाध येणारे काहीच नाही. उलट ती जुन्या खांद्याच्या नियमाची पुनःस्थापनाच ठरेल.

अर्थात खरा अधिकार घराचा आहे. पडशी भरते ती घरातील माया, आणि मायेस भीतीची सोबत असते. थंडी वाजली तर, भूक लागली तर, कपडे भिजले तर; प्रत्येक ‘तर’ पडशीत एक वस्तू होऊन बसतो. पण वाटेवर गावोगावी भाकरी घेऊन उभी राहणारी घरे आहेत, ओलेत्याला ओसरी देणारी माणसे आहेत. वारी चालते ती या भरवशावर, आणि तो आजवर टिकला आहे.

तेव्हा आमची सूचना एवढीच. आपल्या घरचे वारकरी परत येतील, तेव्हा त्यांच्या पाया पडून झाल्यावर पडशी घरातल्या सर्वांनी मिळून उघडावी. संपूर्ण वाटेत ज्या वस्तूची घडी मोडली नाही, ती बाजूस काढावी आणि पुढील ज्येष्ठात पुन्हा भरू नये. औषधे व पावसाचे कापड तेवढे यास अपवाद. विठुरायास कमरेवर हात ठेवून उभे राहण्यास एक वीट पुरली. त्याच्या भेटीस जाणाऱ्यास एक पडशी पुरावी.