बाटलीवरचा बॅच नंबर

हवा बदलली की घराघरांत मुलं खोकू लागतात आणि मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "लहान मुलासाठी खोकल्याचं काहीतरी द्या." मुलाचं वय किती, वजन किती, हे क्वचितच कुणी विचारतं. बाटली मिळते, बिल राहून जातं.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, साध्या सर्दी-खोकल्याच्या मुलांची लघवी बंद होऊ लागली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलवलं, पण मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांना दिलेलं 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचं सिरप तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालं होतं. तिथल्या सरकारी तपासणीत एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे रसायन कारखान्यांत वापरायचं. रंग नाही, चव गोडसर. सिरपमध्ये औषध विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागतं. ते औषधी दर्जाचं न घेता स्वस्तातलं घेतलं आणि तपासलं नाही, की विष थेट बाटलीत उतरतं. आईने चाखून पाहिलं तरी तिला काय कळणार?

मुंबईने हे आधीच भोगलं आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. त्यानंतरही २०२२मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात मुलं दगावली, तेव्हा बोट भारतीय सिरपांकडेच गेलं. तेव्हा 'पालकांनी जागरूक राहावं' एवढं म्हणून यंत्रणेला हात झटकता येणार नाहीत. कच्चा माल तपासणं हे कारखान्याचं आणि औषध निरीक्षकाचं काम, आईबापांचं नव्हे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये, हे खरंच. पण छिंदवाड्यात कित्येक मुलांना डॉक्टरांनीच हे सिरप लिहून दिलं होतं! म्हणून चिठ्ठी हातात पडली तरी एक प्रश्न विचारावा : याला सिरपची गरज आहे का? दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये बजावलं. विषाणूंमुळे झालेला बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. कोमट पाणी, पेज, विश्रांती पुरते. वर्षावरच्या मुलाला थोडा मध चालतो, त्याहून लहान बाळाला मात्र मुळीच नाही. धाप लागत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा मूल दूध-पाणी घेत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

औषध द्यावंच लागलं तर स्वयंपाकघरातला चमचा बाजूला ठेवावा. कुठल्याही दोन घरांत तो एका मापाचा नसतो. बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरावी. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला देऊ नये. बॅच नंबर असलेलं पक्कं बिल मागावं, दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी. एखादी बॅच बाजारातून परत मागवली गेली, तर ती आपल्या फडताळात आहे का, हे त्या नंबरावरूनच कळतं.

औषध सुरू केल्यावर लघवी कमी झाली, उलट्या होऊ लागल्या किंवा मूल गुंगीत गेलं, तर औषध थांबवून लगेच रुग्णालय गाठावं आणि बाटली सोबत न्यावी. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार रुग्णाच्या घरच्यांनाही करता येते. त्यासाठीचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-१८०-३०२४.