अंगणातील हिरवळ आणि आबांची काठी

गेल्या वैशाखात आमच्या शहाद्याच्या घरी माझे सासरे अंगणात पडले. सुदैवाने हाड मोडले नाही, मनगट सुजले आणि आठवड्याभरात उतरलेही. मात्र त्यानंतर आबांनी अंगणात पाऊल टाकणे सोडले. सकाळच्या वीस फेऱ्या बंद झाल्या आणि ओट्यावरची खुर्ची हेच त्यांचे जग झाले. ज्येष्ठांच्या बाबतीत पडण्याइतकीच पडण्याची भीतीही घातक असते. माणूस चालणे कमी करतो, मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. ज्यांच्या घरी वृद्ध आहेत, त्यांना हे चक्र नव्याने सांगावयास नको.

ते पडले कशाने, हे पाहू गेले तर दोष सापडला तो जमिनीत. नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठची जमीन काळी, चिकण आणि कसदार. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. अंगणातील हिरवळ दाट असताना या भेगा जाणवत नसत. तीन-चार वर्षांत ती विरळ होत गेली, रोजच्या पायवाटेवर माती उघडी पडली, आणि त्या उघड्या मातीच्या भेगेत आबांच्या काठीचे टोक अडकले. ‘जमीन दगड व्हई गई,’ एवढेच ते आपल्या अहिराणीत म्हणाले. निदान अचूक होते.

गवताच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत तुडवल्याने मातीच्या कणांमधील पोकळ्या दबून जातात. मग पाणी वर साचते किंवा वाहून जाते, मुळे वरच्या वर राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात गवत मरते. नंदुरबारला लाल मिरचीच्या पथारी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना वर्षानुवर्षे तुडवून घट्ट झालेल्या जमिनीची कल्पना येईल. आमच्या अंगणाची अवस्था त्याहून फारशी वेगळी नव्हती. अशा जमिनीवर नुसते खत आणि पाणी ओतणे व्यर्थ जाते. आधी तिला श्वास घेऊ द्यावा लागतो, मगच बी.

काळ्या जमिनीत या कामाची वेळ साधणे हेच खरे कौशल्य आहे. कोरड्या मातीत काटा शिरत नाही. ओल्या चिखलात तो शिरतो, पण छिद्राच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होऊन बंद होतात. म्हणून वाफसा हवा. मुठीत दाबलेले ढेकूळ गोळा व्हावे आणि बोटाने टोचताच फुटावे, ही त्याची जुनी खूण. मृगाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर, आर्द्राच्या सुमारास उघडीप मिळाली की असा वाफसा येतो. जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात पेरणीचा विचारही करू नये.

आमचे अंगण वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. आधी गवत थोडे खुजे कापले, वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढला. मग चार दात्यांच्या लोखंडी काट्याने सुमारे सहा इंचांच्या अंतराने चार इंच खोल छिद्रे पाडली. काटा पायाने दाबायचा, किंचित मागे-पुढे हलवायचा आणि सरळ उपसायचा. हे काम ज्येष्ठांनी करू नये. कंबर आणि गुडघे दोन्हींना ते महाग पडते. छिद्रांवर चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू पसरून झाडूने आत लोटली.

बी हरळीचेच घेतले. येथे एक गंमत सांगितली पाहिजे. आबांनी चाळीस वर्षे कापूस पिकवला आणि त्या चाळीस वर्षांत हरळीशी वैर केले. तिची एक कांडी जरी रानात राहिली तरी ती पुन्हा फुटते, म्हणून ती वेचून बांधाबाहेर टाकण्यात त्यांचे आयुष्य गेले. तीच हरळी पैसे देऊन आणून आम्ही पेरत आहोत, हे पाहून त्यांनी जो चेहरा केला तो विसरण्याजोगा नाही. परंतु आपल्या उन्हाला, तुडवण्याला आणि पाण्याच्या ताणाला तोंड देणारे तिच्याइतके चिवट गवत दुसरे नाही. थंड प्रदेशातील गवतांच्या आकर्षक पाकिटांना भुलू नये; ती येथील उन्हाळ्यात टिकत नाहीत.

हे बी फार बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून निम्मे उभे आणि निम्मे आडवे फेकावे, म्हणजे सर्वत्र सारखे पडते. वर शेणखताचा अगदी पातळ थर द्यावा; खोल गाडलेले बी उगवत नाही. आम्हाला सबंध अंगणासाठी पाव किलो पुरले. पहिले दोन आठवडे माती ओलसर राहील असे झारीने हलके पाणी, रोप धरल्यावर कमी वेळा पण मुरेल असे पाणी. युरियाची घाई करू नये. कोवळी रोपे करपतात.

सर्वांत महत्त्वाचे ते हे की आम्ही एका वेळी अर्धेच अंगण घेतले. नव्या पेरणीवर सहा ते आठ आठवडे पाय पडू नये लागतो. सबंध अंगण अडवले असते तर आबांना घरात बसण्यास आणखी एक कारण मिळाले असते. उरलेल्या अर्ध्या भागातील भेगा खत-मातीने बुजवल्या आणि काठाने सुतळी बांधली. आबा पहिल्या दिवशी बाहेर आले ते फेऱ्या मारण्यासाठी नव्हे, तर उगवण कशी झाली हे पाहण्यासाठी.

कडुनिंबाखाली मात्र दोन्ही प्रयत्न फसले. हरळीला भरपूर ऊन लागते. सावलीत ती विरळ होणारच. तेथे गवताचा हट्ट सोडून सपाट खडबडीत फरशी आणि बाक ठेवला.

काळजी घेणाऱ्यांसाठी थोडे प्रकृतीविषयी. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, त्यामुळे लसीची मात्रा केव्हा घेतली होती ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मधुमेहाने तळपायाची संवेदना मंदावली असेल तर दवावर अनवाणी चालण्याचा मोह टाळावा. टोचलेला काटाही कळत नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी खुरपताना ओणवे बसून एकदम उठू नये, घेरी येते. बी पुष्कळदा बुरशीनाशक लावलेले असते, तेव्हा हातमोजे घालावेत. गाजर गवत दिसताच फुलण्यापूर्वी उपटावे, त्याने त्वचेला खाज सुटते आणि दम्याचा त्रास वाढतो. गवत उंच वाढू देऊ नये, कारण पावसाळ्यात साप-विंचू दडतात. पण एका वेळी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापूही नये.

दुसरा अर्धा भाग आम्ही भाद्रपदात घेतला. दिवाळीपर्यंत दोन्ही बाजू जुळल्या. आबांच्या फेऱ्या सध्या बारा आहेत. परवा तुळशीच्या वाफ्यात शिरलेला हरळीचा एक धुमारा त्यांना दिसला. काठी भिंतीला टेकवून ते सावकाश वाकले, तो मुळासकट उपटला आणि कुंपणापलीकडे भिरकावून दिला.