काचेच्या मण्याला ‘खोटा’ का म्हणावे?

काचेचा मणी म्हटला की आपण नाक मुरडतो. ‘खोटा दागिना’ म्हणतो! पण मंगळसूत्रातील काळे मणी बहुधा काचेचेच असतात आणि त्यांना खोटे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. माझ्या मते या मण्याला शाळेच्या प्रयोगशाळेत मानाची जागा मिळावयास हवी.

एका रूपात तो तेथे आहेच. तारेच्या टोकाला लहानसे कडे करावे, ते तापवून टाकणखारात बुडवावे व पुन्हा ज्योतीत धरावे. टाकणखार आधी फुगतो, मग वितळून काचेसारखा स्वच्छ मणी होतो. कोबाल्टच्या क्षाराचा कण लावून तापविले की मणी गर्द निळा! तांब्याचा क्षार घेतला तर खरी गंमत. ज्योतीच्या बाहेरच्या, भरपूर ऑक्सिजन मिळणाऱ्या भागात तापविलेला मणी निवल्यावर निळा दिसतो; आतल्या क्षपणकारी भागात तापविला तर अपारदर्शक लाल होतो. विद्यार्थी हे कोष्टक पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

मणी करणारे कारागीर मात्र याच गुणावर पोट भरीत आले. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे उत्खननात तांब्यामुळे लाल झालेल्या काचेचे मणी सापडले. भट्टीत हवा किती खेळू द्यावयाची हे त्या लोकांना ठाऊक होते. ‘ऑक्सिडीकरण’ व ‘क्षपण’ हे शब्द ठाऊक नसले म्हणून काय झाले? आपल्या नेवासे व तेर येथेही काचेचे मणी मिळाले आहेत. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तर १९६९ साली भारतीय काचेच्या इतिहासावर ग्रंथच लिहिला. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र काच म्हणजे खिडकी, भिंग आणि परीक्षानळी.

आंध्र प्रदेशातील पापानायडुपेट या गावी विसाव्या शतकातही मऊ झालेल्या काचेच्या गोळ्यातून लांबच लांब पोकळ नळी ओढीत आणि तिचे बारीक तुकडे पाडीत. तुकड्यांच्या कडा धारदार असत. म्हणून ते राखेत मिसळून पुन्हा तापवीत. पृष्ठताणामुळे कडा आपोआप गोल होत. राखेमुळे मणी एकमेकांस चिकटत नसत आणि भोकेही बुजत नसत. पृष्ठताण शिकविताना पावसाचा थेंब आणि साबणाचा फुगा यांपलीकडे आपण का जात नाही?

ज्योतीवर मणी वळणारेही राखेचा उपयोग करतात, पण वेगळ्या कारणाने. तापलेला मणी उघड्यावर ठेवला तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि या ओढाताणीत मणी तडकतो. गरम राखेत तो सावकाश निवतो.

काही शिक्षक म्हणतील, प्लॅटिनमची तार शाळेला परवडणार कशी? टाकणखाराच्या मण्याला नायक्रोमची तारही चालते. बन्सनचा दिवा बहुतेक प्रयोगशाळांत असतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि शेजारी शिक्षक मात्र हवेतच. प्रथम निळा मणी करावा, मग त्याच तांब्याचा लाल. हा दुसरा पहिल्या खेपेस सहसा साधत नाही. तार ज्योतीत नेमकी कोठे धरावी, याचा शोध तेथून सुरू होतो.