घड्याळ नौदलाचं, मनगट आपलं

गेल्या महिन्यात आम्ही पाच-सहा जण भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. आमच्यातला एक जण नवीन घड्याळ घालून आला होता. काळी डायल, जाड स्टीलचा पट्टा, भोवती फिरणारी कडी आणि डायलवर 'सबमरिनर'. इन्स्टावरून मागवलेली 'फर्स्ट कॉपी', अठ्ठावीसशे रुपये. त्यावर '३०० मीटर' असंही छापलेलं. दहा मिनिटं त्याने ते आम्हाला सगळ्या बाजूंनी दाखवलं, आणि समुद्रात शिरायच्या आधी काढून नीट बुटात ठेवलं. "पाणी लागेल रे!"

आम्ही हसलो. पण परत येताना डोक्यात आलं, की ज्यांच्याकडे खरं सबमरिनर असतं तेही बहुतेक हेच करत असणार. भारतात त्याची किंमत आठ लाखांच्या पुढे आहे. आठ लाखांची वस्तू घालून अरबी समुद्रात कोण उडी मारेल? मग पाणबुड्यांसाठी बनवलेलं, सैनिकांनी वापरलेलं हे घड्याळ सध्या विकलं जातं ते नक्की कशासाठी?

हा प्रश्न आत्ता विचारायला एक कारणही आहे. भारत आणि एफ्टा, म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या गटातला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. सह्या झाल्या होत्या १० मार्च २०२४ ला. त्या देशांनी १५ वर्षांत भारतात १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणायची, आणि आपण त्यांच्या बऱ्याच मालावरचं आयात शुल्क कमी करत न्यायचं, असा तो सौदा. स्विस घड्याळांवर वीस टक्क्यांच्या आसपास असलेलं शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने स्विस मालावर थेट ३९ टक्के शुल्क लावलं होतं. ते पुढे १५ टक्क्यांवर आणायचं ठरलं, पण एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्यातला धोका स्विस कंपन्यांना कळायचा तो कळला. भारतातला नवा पैसेवाला तरुण त्यांना हवाच आहे, आणि त्याच्यापुढे सगळ्यात आधी ठेवली जातात ती हीच 'मिलिटरी' गोष्टीची दणकट घड्याळं.

तर आधी ती गोष्ट.

सुरुवात इटलीपासून करू. फ्लोरेन्समधल्या पनेराई या दुकानाने १९३६ च्या सुमारास इटलीच्या नौदलासाठी पाण्याखाली दिसेल असं घड्याळ तयार केलं. काटे आणि आकडे चमकावेत म्हणून त्यात रेडियमचा लेप होता, म्हणून नाव 'रेडिओमीर'. ४७ मिलिमीटर रुंदीचं ते धूड रबरी पोशाखावरून मनगटाला बांधायचं होतं, शर्टाच्या बाहीखाली मावण्यासाठी नव्हतंच. डिसेंबर १९४१ मध्ये इटलीच्या याच पाणबुड्यांच्या दलातले सहा जण तीन 'मानवी टॉर्पेडों'वर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. त्यांनी 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलिअंट' या ब्रिटिशांच्या दोन बलाढ्य युद्धनौका जायबंदी केल्या. स्फोटकं लावून ठरलेल्या वेळात निसटायचं, अशा कामात अंधारात वेळ दिसणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा.

दुसरी गोष्ट फ्रान्सची, आणि मला ती जास्त आवडते. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने पाण्याखालून हल्ला करणाऱ्यांचं एक पथक उभं केलं. त्याचे अधिकारी रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांनी बाजारातली घड्याळं तपासली, एकही धड टिकेना. मग त्यांनी स्वतःच चित्र काढलं: काळी डायल, मोठे आकडे, फिरणारी कडी. एका फ्रेंच कंपनीने 'याला भविष्य नाही' म्हणून त्यांना परत पाठवलं. शेवटी गाठ पडली ब्लाँपाँ कंपनीचे प्रमुख झाँ-झाक फिश्तर यांच्याशी. फिश्तर स्वतः डायव्हिंग करायचे आणि एकदा खाली वेळेचं भान सुटल्यामुळे त्यांची हवा संपत आली होती, थोडक्यात वाचले होते. त्यामुळे या माणसाला काही समजावून सांगावं लागलं नाही. १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' आलं. फॅदम म्हणजे आपलं वाव. आपल्या मच्छीमारांच्या तोंडी खोलीसाठी जो शब्द असतो, तोच. पन्नास वाव, साधारण ९१ मीटर. त्याच वर्षी रोलेक्सचं सबमरिनरही जन्माला आलं.

ती फिरणारी कडी शोभेची नाही, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं. पाण्यात उतरताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा कडीवर जो आकडा दाखवेल तितकी मिनिटं आपण खाली आहोत. सिलिंडरमधली हवा मोजकी असते. शिवाय दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळत जातो. खाली जास्त वेळ राहून भरकन वर आलात, तर त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं, फक्त आपल्या सांध्यांत आणि नसांत. म्हणून आजच्या डायव्हर घड्याळाची कडी एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागलाच तर घड्याळ झालेला वेळ जास्त दाखवेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, पण येईल. माझ्या मित्राच्या अठ्ठावीसशेच्या सबमरिनरची कडी दोन्ही बाजूंना मस्त फिरते.

आता सगळ्यात मजेशीर भाग. ब्रिटिश नौदलाने १९६० च्या दशकात ओमेगाची आणि १९७० च्या दशकात रोलेक्सची खास सबमरिनर घेतली. पट्टा निसटू नये म्हणून त्यातल्या दांड्या कायमच्या जोडलेल्या, काटे तलवारीसारखे रुंद, मागे सरकारी क्रमांक कोरलेला. घड्याळ सैनिकाच्या मालकीचं नसायचं, काम संपलं की जमा करायचं. त्या दांड्यांमधून ओवायची कापडी नायलॉनची पट्टी आज ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत 'नाटो स्ट्रॅप' म्हणून मिळते, आपल्या अर्ध्या वर्गाकडे असेल. ब्रिटिश सैनिकाला ती स्टोअरमधून फॉर्म भरून मिळायची, एवढाच तिचा रुबाब.

मग १९८० च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने रोलेक्स बंद केलं. का? परवडेना. त्यांनी सीडब्ल्यूसी नावाच्या छोट्या कंपनीकडून साधी घड्याळं घेतली, पुढे तर बॅटरीवर चालणारी. पाण्याखालचं काम काही अडलं नाही. आणि नौदलाने टाकलेली ती जुनी रोलेक्स? लिलावात आज एकेक नग एक लाख पाउंडांच्या वर गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे कोटीच्या घरात. पनेराईचंही तेच. सैन्यासाठी घड्याळं बनवणारी ही कंपनी १९९३ मध्ये सामान्य गिऱ्हाइकांकडे वळली, सिल्वेस्टर स्टॅलोनने १९९६ च्या 'डेलाइट' सिनेमात तिचं घड्याळ घातलं, पुढच्याच वर्षी एका मोठ्या लक्झरी समूहाने ती विकत घेतली. सैनिक जोवर वापरत होता तोवर ते अवजार होतं. त्याला त्याची गरज उरली नाही तेव्हा ते दागिना झालं. माझं म्हणणं एवढंच, की दागिना म्हणून घ्यायचं तर खुशाल घ्या, पण अवजाराच्या नावाने पैसे मोजताय असं समजू नका. बरं, सगळी कंपन्यांची लबाडी आहे असंही नाही. ती घड्याळं खरंच दणकट असतात. फक्त त्या दणकटपणाचे आठ लाख होत नाहीत.

आपल्याकडेही हे झालंय, घड्याळात नाही तर बाइकमध्ये. 'आयएनएस विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका २०१४ मध्ये भंगारात गेली, मुंबईत तोडली गेली. २०१६ मध्ये बजाजने 'व्ही' नावाची बाइक आणली, तिच्यात विक्रांतचं पोलाद होतं. माझ्या मामाने बुक केली होती. इंजिन किती सीसीचं हे त्याला आठवत नाही, विक्रांत आठवते.

सैनिकाच्या मनगटावरचं भारतीय घड्याळ म्हटलं की नाव येतं एचएमटीचं. सरकारी कंपनी, जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळं बनवायला लागली. 'जवान' हे तिचं मॉडेल सैन्यासाठीच होतं: साधी डायल, रोज चावी द्यायची, बास. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ उद्योग बंद झाला. स्विस घड्याळांसाठी आपण दार उघडतोय ते आपलं दुकान मिटल्यावर, हे मला तरी खुपतं. करार चूक आहे असं म्हणायचं नाही. पण १०० अब्जांच्या गुंतवणुकीत घड्याळाचे सुटे भाग इथे बनवणं, कारागीर तयार करणं यातलं काय येतंय, हे आयटीआयवाल्या मित्रांनी तरी विचारायला हवं.

एक वेगळं उदाहरण आहे फेवर ल्युबाचं. आजोबांच्या पिढीला विचारा, हे नाव ओळखीचं निघेल. स्वित्झर्लंडची ही कंपनी १८६५ पासून भारतात व्यापार करत होती. १९६८ मध्ये तिने 'बॅथी' काढलं. त्यात पाण्याच्या दाबाने आतला पडदा दबतो आणि एक काटा खोली दाखवतो, सगळं यांत्रिक. २०११ मध्ये टाटांच्या टायटनने ही कंपनी घेतली, जमलं नाही, २०२३ मध्ये विकली. घेणारा समूहही भारतीयच, आणि २०२४ मध्ये तिची घड्याळं पुन्हा बाजारात आली.

मग खऱ्या पाण्यात कोण, काय घालून उतरतं? १८ जुलै २०२५ ला विशाखापट्टणमला 'आयएनएस निस्तार' नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली, पाणबुड्यांना ३०० मीटरपर्यंत काम करता येईल अशी नौका. इतक्या खोलीवर वेळ मोजायचं काम वर जहाजावर बसलेली माणसं आणि यंत्रं करतात. (याआधीही एक 'निस्तार' होती. १९७१ च्या युद्धात बुडालेल्या पाकिस्तानी 'गाझी'पर्यंत तिचेच पाणबुडे पोहोचले होते.) तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा केंद्र आहे. निवती रॉकजवळ 'आयएनएस गुलदार' ही निवृत्त युद्धनौका बुडवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय, तेव्हा या किनाऱ्यावर डायव्हिंगची कामं वाढणार. कोणाला त्यात करिअर करायचं असेल तर एक सांगतो: पैसे डाइव्ह कॉम्प्युटरवर घाला. मनगटावर बसतो, खोली, वेळ, वर यायचा वेग सगळं दाखवतो, आणि चांगल्या स्विस घड्याळाच्या नुसत्या जीएसटीत येतो.

आणि मिरकरवाडा. तिथल्या एका खलाशाशी बोललो. बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं की तो सुरी घेऊन खाली उतरतो. घड्याळ? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. दम संपला की वर, पुन्हा खाली. ना सिलिंडर, ना कडी.

परवा मित्राला घेऊन रामआळीतल्या एका घड्याळजींकडे गेलो. काकांनी पाठ उघडली, भिंगातून पाहिलं. झाकणाखाली रबरी रिंग असते, तिच्या जागी केसाएवढा प्लास्टिकचा तुकडा होता, तोही एका बाजूला तुटलेला. मग त्यांनीच समजावलं, की बऱ्याच साध्या घड्याळांवर लिहिलेले '३० मीटर' म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी चालेल, तीस मीटर खाली जा असं नाही. पोहायला १०० तरी हवं. खऱ्या डायव्हर घड्याळाला आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसओ ६४२५: लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाला तपासायचं आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ दिसायला हवी. फर्स्ट कॉपीवरचं '३००' ही नुसती छपाई. असा बनावट माल विकणं ट्रेडमार्क कायद्याने तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हेही इन्स्टावरच्या दुकानात कोणी लिहीत नाही.

"किती झाले काका?" मित्राने विचारलं. काकांनी रिंग बसवून दिली, तीस रुपये घेतले, आणि वर म्हणाले, "तरी पाण्यात नेऊ नकोस हो."