भारमानाचें भूत आणि खेड्याची गाडी

शेतकरी व कारूनारू बांधवांनो, एस. टी. ची फेरी बंद झाली म्हणजे आगारांतून एकच उत्तर मिळतें, "भारमान नाहीं." म्हणजे गाडींत माणसें पुरेशीं बसत नाहींत. हें उत्तर खोटें नाहीं, पण अर्धें आहे. माणसें कां बसत नाहींत, हें आगारवाले सांगत नाहींत. तें आम्ही सांगतों.

गाडीची वेळ साडेनऊची. सव्वानऊलाच वडापवाला फाट्यावर जीप लावून "चला, सुटली" म्हणून ओरडतो. आमचा लोहारदादा, बाजाराची पाटी घेतलेली माळीणबाई, सारीं त्यांतच चढतात. नवांच्या जागीं पंधरा कोंबून जीप जाते आणि मागून एस. टी. येते ती रिकामी. असें चाललें कीं आगाराच्या वहींत तोटा चढतो व फेरी जाते. मग वडापवाला राजा! भाडें त्याच्या मनाचें, वेळ त्याच्या मनाची. जीप भरेपर्यंत आजारी माणूस उन्हांत बसलेला.

कोणी म्हणेल, "तो पोरगाही शेतकऱ्याचाच, त्यालाही पोट आहे." खरें आहे. त्याच्या पोटाशीं आमचें वैर नाहीं. पण तो फायद्याची वेळ तेवढी उचलतो. रात्रीं वाडीवर मुक्काम करून पहाटे पोरांना शाळेला नेणारी गाडी त्याची नव्हे. शाळेच्या मुलींचा फुकट पास, २०२२ पासून ७५ वर्षांवरील म्हाताऱ्यांना मिळालेला फुकट प्रवास, मार्च २०२३ पासून बायांचें अर्धें तिकीट, यांपैकीं तो काय मानतो? फेरी गेली कीं या सवलती कागदावर राहतात, आणि शाळा सुटते ती आधीं मुलीची.

१ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली. त्यापूर्वीं खासगी मोटारवाले जेथें पैसा तेथेंच धांवत. आम्ही पुन्हा तेथेंच जाणार काय?

महामंडळालाही आम्ही सोडणार नाहीं. गाडी वेळेवर येत नाहीं, घाटांत बंद पडते, वेळ बदलली तर गांवाला पत्ता नसतो. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत संप चालला, तेव्हां लोकांना जीपची संवय लागली. ती मोडण्यासाठीं दारीं कोण आलें?

म्हणून आमचें मागणें साधें आहे. फेरी बंद करण्यापूर्वीं ग्रामसभेला विचारा. वेळ शाळेची घंटा व बाजाराचा दिवस पाहून ठरवा. कंत्राटी परवान्यावर वाटेंत टप्प्याटप्प्यानें उतारू घेण्याची मुभा १९८८ चा मोटार कायदा देत नाहीं. तो फाट्यावर दिसूं द्या.

आणि बांधवांनो, आपणही पंधरा मिनिटें थांबावयास शिका. आज पंधरा मिनिटें वांचविण्यासाठीं जीपमध्यें बसाल, तर उद्यां लेकीला पायीं धाडावें लागेल.