लाल चुंबक कोणासाठी?

भिवंडीच्या आमच्या पेढीत पांढऱ्या फळ्यावर बिले रंगीत चुंबकांनी लावतो. मुदतीतल्या बिलाला हिरवे, मुदत भरत आलेल्याला पिवळे, थकलेल्याला लाल. सोय उत्तम! पण फळ्यावर फक्त आमचे येणे दिसे. यंत्रमागवाल्यांचे देणे फाइलीत बंद. कुरआन शरीफमधील सूरह बकराची 282 वी आयत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवायला सांगते. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदाही नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या म्हणतो. म्हणून आता देण्याची बिलेही आम्ही फळ्यावर लावतो. त्यांवर लाल चुंबक दिसले की आमचीच मान खाली जाते. व्यापारी बांधवांनी हे करून पाहावे. कारागिराचा पैसा अडवून धंद्यात बरकत येत नाही.