वीस मिनिटांचा नियम



माझी दहा वर्षांची नात अमेरिकेत वाढते. तिचे मराठी जेवणाखाण्यापुरते, बाकी सगळे इंग्रजीत. तिथल्या रविवारच्या पाठशाळेत एकदा 'वीतराग' हा शब्द आला. व्हिडिओ कॉलवर तिने मला त्याचा अर्थ विचारला. मी इंग्रजी ग्रंथात पाहिलेला शब्द सांगून मोकळी झाले, 'पॅशनलेस'. ती जरा थांबली आणि म्हणाली, "आज्जी, म्हणजे रोबोटसारखे? त्यांना काहीच आवडत नाही?"

मला पुढे बोलता आले नाही. कॉल संपल्यावर बराच वेळ तेच मनात राहिले. ज्या भगवंतांपुढे आपण रोज हात जोडतो, ते माझ्या एका शब्दामुळे त्या पोरीला यंत्रासारखे वाटले.

चूक कुठे झाली ते नंतर कळले. तिच्या शाळेत 'पॅशन' म्हणजे मनापासूनची आवड, ध्यास. तो जोपासा, असे शिक्षक सांगतात. आपल्या ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांना 'पॅशन्स' म्हणतात. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. शब्दकोश दोन्ही देतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात कोणता उमटेल, हे तो सांगत नाही. 'पॅशन फॉर म्युझिक' आणि 'क्राइम ऑफ पॅशन' यांत एकच शब्द दोन चेहरे घेऊन येतो. असे शब्द पन्नास ठिकाणी भेटले की मगच ओळखीचे होतात. ती भेट वाचनातच होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नव्वद दिवसांत इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या वर्गांना मी नावे ठेवत नाही. बँक, विमानतळ, दुकान यांपुरते ते उपयोगी पडतात. पण नातवंडांना धर्म समजावून सांगण्याइतकी भाषा हवी असेल, तर रोजच्या वाचनाला पर्याय नाही. युरोपात भाषेच्या ए1 पासून सी2 पर्यंत सहा पायऱ्या मानतात. त्यातली पाचवी, सी1, म्हणजे लांब आणि अवघड मजकूर कळणे, न लिहिलेला अर्थही ओळखणे. 'न लिहिलेला अर्थ', माझे तिथेच अडले होते.

आणि रोज थोडे वाचण्याची रीत आपल्याला बाहेरून शिकायला नको. सहा अंतरंग तपांत स्वाध्याय चौथा. त्याचे पाच प्रकार आपण पाठशाळेत पाठ केलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. इंग्रजी गोष्टींचे पुस्तक वाचणे हा काही स्वाध्याय नव्हे, आणि त्याचे पुण्य मी कुठल्या खात्यात मांडत नाही. पण रीत उसनी घ्यायला काय हरकत आहे? आधी वाचायचे. अडले तर विचारायचे, मुलाला, सुनेला, शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला. वाचलेले पोळ्या लाटताना मनात घोळवायचे. एक परिच्छेद शुद्ध उच्चारात मोठ्याने पुन्हा म्हणायचा. शेवटी ते कुणाला तरी आपल्या शब्दांत सांगायचे. बहुतेक जणी पहिल्या पायरीवरच थांबतात आणि मग म्हणतात, वाचलेले लक्षात राहत नाही.

आता नियमाबद्दल. पहिल्याच दशलक्षणात कुणी दहा उपवास धरत नाही; आधी एकाशन जमते का ते पाहतो. वाचनात मात्र आपण पहिल्या दिवशी दोन तास बसतो आणि आठव्या दिवशी पुस्तक कपाटात जाते. मी नियम घेतला तो वीस मिनिटांचा. पाहुणे, आजारपण, प्रवास असेल त्या दिवशी एकच परिच्छेद. चुकले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट भरपाई करायची नाही, पुन्हा वीसच मिनिटे. भरपाईच्या ओझ्याने नियम मोडतो, हे मी स्वतः दोनदा अनुभवले आहे.

हिशेब करून पाहा. मिनिटाला 100 शब्द हा धीमा वेग धरला, तरी वीस मिनिटांत 2,000 शब्द होतात. वर्षाचे 7,30,000. साठ हजार शब्दांचे पुस्तक धरले तर वर्षात बारा पुस्तके!

वेळ सामायिकाच्या 48 मिनिटांतून काढायचा नाही. तो ज्याचा त्याला. सूर्यास्ताआधी जेवण होणाऱ्या घरात संध्याकाळी ओटा आवरला की थोडा वेळ आपला असतो. तो सध्या कुठे जातो, हे आपला मोबाइल सांगेल.

पुस्तक निवडताना अहंकार बाजूला ठेवावा लागतो. शंभरात दोन-तीनच शब्द अडतील असे पुस्तक घ्यावे. एका पानावर दहा-बारा शब्द अडले तर ते परत ठेवावे, त्यात कमीपणा नाही. मी सुधा मूर्तींच्या सोप्या इंग्रजी गोष्टींपासून सुरुवात केली. आवडत्या लेखिकेची कादंबरी स्वतः वाचता यावी म्हणून 62 व्या वर्षी कन्नड अक्षरे गिरवायला बसलेली त्यांची आजी त्यात भेटते. ते वाचून 'या वयात कशाला' हे वाक्य मी पुन्हा उच्चारले नाही. मग आर. के. नारायण यांचे 'मालगुडी डेज'. मग वर्तमानपत्राचे अग्रलेख, आठवड्याला दोन. पद्मनाभ जैनी यांच्या 1979 सालच्या 'द जैना पाथ ऑफ प्युरिफिकेशन'ला हात लावला तो तिसऱ्या वर्षी. आजही त्याची दोन पाने झाली तरी पुष्कळ.

"इंग्रजी वाचण्यापेक्षा तेवढा वेळ शास्त्र वाचा," असे मला एका काकूंनी सुनावले. त्यांचा मान ठेवून सांगते, शास्त्र सोडून मी काही वाचत नाही. पण आपली नातवंडे ज्या भाषेत प्रश्न विचारतात, तिच्यात उत्तर देणारे घरात कोणी नसेल, तर ती प्रश्न विचारणेच सोडून देतील. त्याची मला जास्त भीती वाटते.

गेल्या श्रुतपंचमीला नातीशी पुन्हा वीतरागावर बोलले. या वेळी सोप्या इंग्रजीत सांगितले: त्यांना कोणी चिडवू शकत नाही, कोणी लालूच दाखवू शकत नाही, आणि तरीही मुंगीचे दुःख त्यांना कळते. ती म्हणाली, "मग ते रोबोट नाहीत. ते फ्री आहेत."

यात एकही अवघड शब्द नव्हता. पण ते सोपे शब्द सापडायला मला तीन वर्षे रोज वाचावे लागले. तुम्ही आज वीस मिनिटे काढा. घड्याळ लावून बसा आणि वेळ झाली की उठा, मन अजून वाच म्हणत असले तरी. उद्या पुन्हा बसावेसे वाटेल.